ब्रेकचा दिवस

माझी धाकटी बहीण शुभदा भाईंदरपलीकडे, उत्तनच्या पुढच्या एका पाड्यावर, सरकारी दवाखान्यात नर्स होती. आमच्या रत्नागिरीच्या घरात साप निघाला तरी न किंचाळणारी मुलगी ती. पण या नोकरीनं तिला घाबरायला शिकवलं.

२००१ साली ती कंत्राटावर लागली तेव्हा तिथे रोज डॉक्टर होते, तिच्याशिवाय तीन कायम नर्स होत्या. मग एक रिटायर झाली, एकीची बदली झाली. जागा काही भरल्या नाहीत. शेवटी तिसऱ्या, हंसाबाईही निवृत्तीचे पेढे वाटून घरी गेल्या आणि शुभदा एकटी उरली. डॉक्टर आता आठवड्यातून दोनदाच यायचे. ज्यांनी हे ठरवलं त्यांच्या सुनांची बाळंतपणं या पाड्यावर थोडीच व्हायची होती!

कंत्राट अकरा महिन्यांचं. ते संपलं की एक दिवसाचा ब्रेक, मग नवी ऑर्डर. सलग नोकरी दिसली तर माणूस कायम करा म्हणून कोर्टात जाईल ना! त्या दिवशी शुभदा नर्स नसायची. पूर्वी त्याचं काही वाटायचं नाही, बाकीच्या असायच्या. आता त्या दिवशी दवाखान्याला कुलूप.

२००६च्या ब्रेकला सकाळीच धर्माजी कोळ्यानं आपल्या सुनेला, नीलमला, थेट तिच्या भाड्याच्या खोलीच्या दारात आणलं. कळा सुरू झालेल्या.

"सिस्टर, दवाखाना बंद हाय. बघा ना जरा."

"काका, आज मी ड्युटीवर नाहीये. भाईंदरच्या हॉस्पिटलात न्या."

"तवर थांबंल काय ती?"

थांबणार नव्हती, हे शुभदालाही दिसत होतं. पण काही बरंवाईट झालं तर? कुणाच्या परवानगीनं हात लावलास, असं विचारणार. पोलीस येणार, नोकरी जाणार. तरी तिनं नीलमला आत घेतलं. मूल आलं ते निळंजांभळं, आवाज नाही. ते रडेपर्यंत काय झालं, हे ती मला कधीच सांगू शकली नाही.

पोरगी जगली. धर्माजी गावभर कौतुक सांगत सुटला, आणि इकडे ही, ते साहेबांच्या कानावर जाईल या धाकात. नवी ऑर्डर हातात पडेपर्यंत तिला घास गेला नाही.

पुढच्या ब्रेकला ती आदल्या दिवशीच माझ्याकडे शहरात, शांती नगरला आली. पळून आली, असंच म्हणते मी. दिवसभर बेल वाजली की दचकत होती. केबलवाला आला तर बाथरूममध्ये जाऊन उभी राहिली.

"ताई, आज तिथे कुणाला गरज लागली असेल तर गं?"

संध्याकाळी न राहवून तिनं आपल्या घरमालकिणीला, आनंदीकाकूंना, फोन लावला. आवाज मलाही ऐकू येत होता.

"काकू, मला शोधत कुणी आलं होतं का?"

"न्हाय गो. कोन येल? तुझा ब्रेक हाय, ते समद्यांना ठाव हाय. दिवस भरलेल्या बाया कालच भाईंदरला पावन्यांकडं जाऊन राहिल्या."

"आणि बाकीच्या?"

"त्या घरातच पडून हायत. आज कळा येऊ नयेत म्हून सकाळपासून कुनी हंडा बी उचलला न्हाय."

मला वाटत होतं, त्या दिवसाला माझी बहीण एकटीच घाबरते.