उलटी गेलेली जीप

आज जीपच्या मागच्या आक्सलचं तेल काढलं आणि त्या कुजक्या वासानं बायको आठवली. फार वर्षांमागं एकदा तिची आई खाडीपलीकडं दिघीला आजारी होती आणि आमच्या ह्याच जीपचं मागची चाकं फिरवणारं डिफरन्शियल पार गेलं होतं. मी भंगारातनं दुसऱ्या जीपचं अख्खं आक्सल आणलं, खोलून धुतलं आणि सुपारीच्या वाडीत एकट्यानं बसवलं. ती पेजेचा डबा घेऊन आत बसली. पहिला गिअर टाकला, तर जीप मागं जाऊन नारळाच्या सोडणांच्या ढिगात घुसली. आतलं मोठं दातेरी चाक मी उलट्या अंगाला लावलं होतं. ती म्हणाली, "तुम्हाला सासुरवाडीला जायाचं न्हाय, हे गाडीला बी कळलंय." मला राग आला, पण ती पदर खोचून उतरली आणि मला नट खोलायचे पाने देत बसली. चाक सुलट बसवलं आणि शेवटची फेरीबोट मिळाली. आईनं लेकीच्या हातची पेज खाल्ली. बायको जाऊन वर्ष झालं, तेव्हापासून जीप उभीच होती. उद्या दिघीला मेव्हण्याच्या नातीचं बारसं हाय. नवं तेल भरलं, पहिला गिअर टाकला आणि त्या दिवसापासनंच्या सवयीनं आधी मागं बघितलं. जीप पुढं गेली.