उरलेला पाय

२०२३ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो. रोह्याजवळच्या मिशनच्या छोट्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी माझा डावा पाय बघितला आणि म्हणाले, "काका, गँगरीन आहे. पाय वाचेल असं आज सांगता येत नाही." गँगरीन म्हणजे आपण जिवंत, पण मांस मरतं.

मी म्हटलं, "दुखत तर कायच नाय."

"तेच वाईट आहे," डॉक्टर म्हणाले. साखरेनं पायाला काही कळेनासं होतं, त्याला न्यूरोपथी म्हणतात. मला साखर आहे हेच मला तेव्हा कळलं.

मी जोह्याचा, गणपतीच्या कारखान्यांच्या गावचा. शाळा दुसरीपर्यंत, पण गणपतीचे डोळे आखायला माझ्या हाताला तोड नव्हती. कारखान्यात आम्ही अनवाणीच. देव मांडलेले, तिथं चपला कशा घालणार? एक दिवस बायको ओरडली, "अवो, लाल रंग सांडलात काय? पावलं उठलीत!" रंग नव्हता. मूर्तीच्या हातात घालायची तार माझ्या तळव्यात घुसली होती.

माझा बाप जखमेला शाडूची माती लावायचा. मीही लावली. सुकली की धुवायची, परत थापायची. असे पंधरा दिवस. बायको डॉक्टरचं नाव काढायची, मी तिला गप्प करायचो. बोटं काळी पडली तेव्हा हॉस्पिटल गाठलं.

हॉस्पिटलात ड्रेसिंगला एल्सा नावाची नर्स होती, अडुसष्ट वर्षांची. रिटायर झाल्यावर नवराबायको नॉर्वेहून सेवेला आलेली. नवरा तिकडं मास्तर, इथं आमची बेडपॅन धुवायचा. पहिल्या दिवशी ती घमेलं घेऊन माझ्या पायाशी बसली आणि मी पाय ओढून घेतला. आपल्या वयाची बाई पायाला हात लावते! सुनंदा सिस्टर आमच्याकडचीच. तिला म्हटलं, "हिला सांग, मी काय बाटणार नाय."

एल्सा हसून काहीतरी बोलली. सुनंदा म्हणाली, "ती म्हणते, बाटू नका, पण पाय तरी हलवू नका."

मग रोज सकाळी ती यायची. आधी कोमट पाणी, मग मेलेलं मांस कापून काढायचं, त्याला डीब्रायडमेंट म्हणतात. नखांच्या कपारीतली माती ती कापसाच्या काडीनं टिपायची. मूर्तीच्या पापणीवर सांडलेला रंग मी टिपतो ना, तशी. वास असा की मीच तोंड फिरवायचो. तिनं कधी फिरवलं नाय.

मी माझ्या देवाला नवस बोलत होतो, ती तिच्या देवापुढं डोळे मिटायची. काळेपणा वरच चढत होता. पडून बघत राहायचं, दुसरं हातात काय नव्हतं. बाराव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "आता थांबलो तर जीव जाईल." कागद पुढं आला. सुनंदानं शाईचा पॅड काढला. "अंगठा नाय," मी म्हटलं, "सही करीन." चार अक्षरं लिहायला फार वेळ लागला. सगळे थांबले.

गुडघ्याखालून पाय गेला.

दुसऱ्या दिवशी वाटलं, आता बाईचं काम संपलं. तर तिच्या वेळेला ती घमेलं घेऊन हजर. चादर उचलली आणि उजवा पाय धुवायला लागली.

"तो बरा हाय," मी सुनंदाला म्हटलं. "त्याला कशाला?"

सुनंदानं विचारलं. मग म्हणाली, "ती म्हणते, आता हाच राहिलाय."

मी तोंडावर चादर ओढली. बोटाबोटांतून पुसून झाल्यावर तिनं ती चादर हळूच खाली केली आणि आरसा धरून स्वतःचा तळवा बघायला शिकवलं. नवरा दाराशी उभा होता, हातात दुसऱ्या कुणाची बेडपॅन.

साखर असेल त्यानं रोज तळवा बघावा. माती, हळद काही थापू नये. आणि घरातलं माणूस डॉक्टर म्हणत असेल तर ऐकावं. मी ऐकलं नाय.

निघताना मला तिच्या भाषेतला एकही शब्द येत नव्हता. हात जोडले, तिनंही जोडले. संध्याकाळी घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको कारखान्यात निघाली, अनवाणीच. मी कुबडी भिंतीला लावली, उंबऱ्यावर बसलो आणि घमेलं पुढं ओढलं.

"गो, पाय दाव."

"येड लागलं काय? बाया बघतायत."

"बघूदे."

तिनं पाय पुढं केला. टाचेच्या भेगांत शाडू बसला होता. मी तो धुवायला घेतला.