आमच्या घरी आठ वाजताच वाजलेले बारा

मंडळी, कालचं मनात ठेवलं तर आजचा चहाही कडू लागेल, म्हणून सांगून टाकतो.

काल थर्टी फर्स्टला, संध्याकाळी आठला मी हॉलमधलं घड्याळ बाराजवळ सरकवलं. म्हटलं, केक कापून पोरं झोपतील, बायको आहेच घरी, आणि मी गंगापूर रोडला मित्रांच्या पार्टीला मोकळा. गेल्या वर्षीही हेच केलं होतं.

'बारा' वाजले. सात वर्षांची सई आणि चार वर्षांचा ओम नाचले, केक खाल्ला, अंथरुणात शिरले. मी आत शर्ट बदलत होतो, तेवढ्यात त्यांची कुजबुज कानावर आली.

"ओम्या, डोळे मिट ना."

"पण ताई, खाली तर पोरं अजून खेळतायत!"

"माहितीये रे. आपण जागे राहिलो की पप्पांना जाता येत नाही."

माझ्या देवळा गावाहून रिकाम्या हाताने येऊन मी इथे शहरात हार्डवेअरचं दुकान उभं केलं. गिऱ्हाईकाचं खोटं मला पायरीवरूनच ऐकू येतं. घरातलं कळायला दोन थर्टी फर्स्ट लागले.

आणि खरं सांगू? ऐकूनही मी गेलोच. जाताना दार हळूच ओढलं, पोरं उठू नयेत म्हणून.

काल तुमची पोरं खरंच झोपली होती का हो?