पिंप पालथं करा

डेंग्यूवर लिहितोय म्हटल्यावर तुम्ही आधीच नाकाला रुमाल लावला असेल. आता हा तुंबलेलं गटार दाखवणार, उकिरडा दाखवणार. सॉरी हां, तसलं काही नाही. घाटकोपरच्या टेकडीवरच्या आमच्या चाळीत डास जन्माला आला तो एकदम स्वच्छ पाण्यात. निळ्या पिंपात. वर फळी, फळीवर तुळशीची कुंडी.

टेकडीवर पाणी चढतं संध्याकाळी, तेही मनात आलं तर. म्हणून गॅलरीत दारोदारी पिंप. ते कधी रिकामं करायचं नाही, वरून भर घालत राहायचं. पिंपाचा तळ दिसला की घरात अवदसा आली, असा इथला कायदा. पाण्यात अळ्या वळवळल्या तर? फडक्याने गाळून घ्या, झालं पाणी शुद्ध.

तालुक्याच्या शाळेत शिकून नोकरीसाठी मी इथे आत्याकडे आलो, तेव्हा माझ्याकडे एकच कला होती, आवाज काढायची. पिंपं तपासायला येणाऱ्या पालिकेच्या माणसाचं ते घोगरं "ओ ताई, बॅटरी मारू द्या जरा!" मी असं काढायचो की चाळ पोट धरून हसायची. खरा माणूस आला की मात्र दारं धडाधड बंद, पिंपावर गोधडी, आणि आतून उत्तर, "घरात कोणी नाही!"

मग आत्याची मुलगी, आमची ताई, तापाने फणफणली. डोळ्यांमागे ठणका, अंगभर पुरळ. रिपोर्ट आला, डेंग्यू. अॅडमिट केलं तरी प्लेटलेट उतरतच होत्या. शेजारची काकू आत्याला म्हणाली, "रात्री मच्छरदाणी लावत नसाल तुम्ही." अहो, हा डास दिवसा चावतो! ताई रोज दुपारी गॅलरीत पिंपाशेजारीच मशीनवर शिवत बसायची.

ताई सावरली. घरी सोडायच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी मला बजावलं, "पुन्हा डेंग्यू झाला तर हिला जड जाईल. साठवलेलं पाणी ओता. नुसतं ओतू नका, आतून घासा. अंडी कडेला चिकटून राहतात. सुकवा, मग भरा."

मी दारोदार सांगत फिरलो. काकू म्हणाली, "आमचं पाणी काचेसारखं आहे रे, पिऊन बघ." समोरचे काका म्हणाले, "आमच्याच पिंपातला डास चावला तिला? नाव लिहिलं होतं काय त्याच्यावर?" सगळे हसले. चाळीत जोक मारायचं काम माझं, त्या दिवशी ते त्यांनी केलं.

मग मी खालच्या जिन्यात गेलो आणि घोगरा आवाज लावला. "आज साहेब सोबत आहेत! अळी दिसली की कोर्टाची नोटीस! पिंप पालथं करा! आतून घासा!"

वरून पाण्याचे लोट आले. ब्रश खरवडायला लागले. थोड्या वेळाने वर गेलो तर सगळी पिंपं उन्हात पालथी. एवढी दाद माझ्या कुठल्याच नकलेला मिळाली नव्हती. मला मात्र हसू येईना.

त्या संध्याकाळी पाणीच आलं नाही. साहेबही आले नाहीत, तेव्हा आवाज कोणाचा हे चाळीला कळलंच.

सकाळी ताईला घेऊन आलो तर गॅलरीत सगळे उभे. तब्येत विचारायला नाही, रिकाम्या बादल्या घेऊन.

"फसवलंस ना रे!" काकू ओरडली. "सासरे बिनअंघोळीचे बसलेत माझे!"

"एका पोरीच्या तापापायी अख्खी चाळ कोरडी ठेवलीस," काका म्हणाले. "तुमच्या गावाला विहिरी असतील, इथे नाहीत."

ताई भिंतीला धरून त्यांच्यामधूनच आत गेली. कोणी सरकलं नाही.

आत्याने दार लावून घेतलं. वाटलं, ही तरी माझी बाजू घेईल.

"अक्कल गहाण टाकलीस का रे? ती होईल बरी, पण मला याच माणसांत जन्म काढायचाय. पाणी आलं की एकेकाच्या दारात जा, पाया पड आणि सगळ्यांची पिंपं तू भरून दे. काठोकाठ. आणि तोंडातून एक आवाज काढलास तर बघ!"