चुन्याच्या गोलातली खुर्ची

व्यक्तीचे नाव : मनोहर गणपतराव देवघरे, हयात नाहीत. राहणार : तात्यापारा, रायपूर. घटनास्थळ : अभनपूरच्या पुढे तळ्याकाठचे त्यांचे शेत, जेथे ते प्रवाशांसाठी तंबू लावीत. साक्षीदार : त्यांच्या पत्नी सुमनताई, आणि कचेरीसमोर टेबल टाकून त्यांचे अर्ज लिहिणारा प्रस्तुत लेखक.

सदर गृहस्थांची सवय अशी की, पाहुणा गाडीतून उतरला की त्याला पाणी विचारण्याआधी ते बांधावर नेत. त्या शेतात मोबाइल लागे तो एकाच जागी. तेथे त्यांनी चुन्याने गोल आखला होता. "पहिले घरी सांगा पोचलो म्हणून, मग चहा," असे ते म्हणत. भिलाईच्या एका साहेबांनी आपण सुटीत फोन बंद ठेवतो असे कळवले, तेव्हा त्यांना उत्तर मिळाले, "तुम्ही ठेवा ना बंद. तुमची माय थोडीच सुटीवर हाय?"

एका दुपारी तंबूत एका बाईंना दम्याचा झटका आला. सोबतीला त्यांची वृद्ध आई तेवढी होती. मनोहरराव गोलापर्यंत धावले. डॉक्टरांनी फोनवर विचारले, ओठ निळे पडले आहेत काय? ते पाहण्यास ते तंबूत धावले, सांगण्यास पुन्हा गोलात. अशा चार फेऱ्या झाल्या. बाई वाचल्या. दुसऱ्या दिवशी मनोहरराव, वय अडुसष्ट, लंगडत माझ्या टेबलाशी आले. "लिहा, भैया. पुढच्या वेळी माझे पाय नाही पुरले, तर कोण धावन?"

तंबूतही फोन लागावा म्हणून केलेल्या सहा अर्जांना उत्तर आले नाही. सातव्यावर मोबाइल कंपनीचे तपासनीस स्वतः आले. पुढे जे घडले ते नमूद करणे माझे कर्तव्य आहे. मनोहररावांनी त्यांच्यासाठी खुर्ची मांडली ती गोलात, कारण त्या शेतातील मानाची जागा तीच. तपासनीसांनी बसल्या जागी सिग्नल मोजण्याचे यंत्र पाहिले, चहा घेतला आणि शेरा लिहिला : नेटवर्क समाधानकारक. मी शेजारीच उभा होतो. माझ्याही ध्यानात आले नाही.

सुमनताईंनी आम्हां दोघांची यथोचित कानउघाडणी केली आणि विचारले, "त्याले तंबूत काहून नाही बसवलं?"

मनोहररावांनी गोलातली खुर्ची उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "पाहुणा होता ना तो. त्याले फोन नाही लागत तिथं कसं बसवू?"

फेरतपासणीचा आठवा अर्ज दिला. उत्तर येण्यापूर्वी ते रायपूरच्या दवाखान्यात हृदयविकाराने वारले. त्यानंतर पत्र आले : अर्जदार मयत असल्याने तक्रार शिल्लक राहत नाही, प्रकरण बंद.

सुमनताईंनी तंबू चालू ठेवले आहेत. त्यांच्या गुडघ्यांनी धावणे होत नाही. तीस वर्षे मी इतरांच्या वतीने लिहीत आलो. अर्जदार म्हणून माझे नाव कोठेही नाही, आणि व्यवसायाच्या दृष्टीने ते योग्यच होते. सबब, या प्रकरणी आता मी स्वतः अर्जदार म्हणून सही करीत आहे. फेरतपासणी तंबूत बसून व्हावी, आणि उत्तर मी हयात असताना मिळावे, ही विनंती.