पहिल्या गावाबाहेर

हिंजवडीच्या ऑफिसात जेवण झालं की आमचा टीम लीड राक्षस पकडून साठवायच्या त्या व्हिडिओ गेमच्या सगळ्या भागांची क्रमवारी लावायचा. पहिला भाग सर्वश्रेष्ठ, पुढचे सगळे भंगार. "पहिल्यात आत्मा होता रे," असं तो दातात काडी घालत म्हणायचा आणि मला शिसारी यायची.

एकदा मी विचारलं, "त्या पहिल्या भागाचा शेवट काय आहे?" त्याला सांगता येईना. लहानपणी त्याच्याकडेही माझ्यासारखीच, स्वारगेटच्या टपरीवरून आणलेली नकली कॅसेट होती. तिच्यात खेळ सेव्हच व्हायचा नाही. बटण बंद केलं की पकडलेले राक्षस गायब, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या गावापासून सुरुवात. म्हणजे हा गृहस्थ त्या गावाच्या फारसा पुढे गेलाच नव्हता. बाकीच्या भागांची त्याने दुकानातली खोकी तेवढी पाहिली होती.

"म्हणून काय झालं? अंदाज येतो ना," तो म्हणाला आणि ती काडी त्याने माझ्या ताटात टाकली.

मार्चमध्ये त्यानेच आमच्या टीमची क्रमवारी लावली. मी शेवटून दुसरा आलो. माझं काम कधी पाहिलंस का, हे विचारायच्या भानगडीत मी पडलो नाही.