उन्हात उभी राहिलेली ओळ

ज्ञानोबा गेल्याचं मला सेलूच्या बसस्टँडवर कळलं. "तुमचा शिक्केवाला गेला की हो," एक ओळखीचा दुकानदार म्हणाला. तुमचा... हयातीत याच शब्दानं त्याला टोचणारे हेच लोक.

परभणीत त्याचं शिक्क्यांचं दुकान, मागच्या खोलीत पायानं चालवायचं छपाईचं यंत्र. पॉलिमरच्या मऊ पट्टीवर तो मजकुराची निगेटिव्ह फिल्म ठेवी, वर काच दाबी आणि चौकट गच्चीवर उन्हात मांडी. उजेड लागला तेवढा भाग कडक होई, बाकीचा पाण्यात ब्रशनं धुऊन जाई आणि सपाट पट्टीवर अक्षरं उभी राहत.

विद्यापीठाच्या नामांतराच्या धामधुमीत आम्हा दलित पोरांच्या पत्रकाचे खिळे जुळवायला एकही छापखाना तयार होईना. ज्ञानोबा गंगाखेडकडच्या शेतकरी घरातला; गावोगावच्या सोसायट्यांचे शिक्के त्याला भावकीमुळेच मिळत. तरी त्यानं माझ्या हस्ताक्षराचीच पट्टी करायला घेतली. पत्रकाखाली मुद्रकाचं नाव कायद्यानं लागतं. ते त्यानं स्वतः लिहिलं, पण इतकं बारीक, की धुताना तेवढी एकच ओळ वाहून गेली.

"बघ, उन्हालाच तुझी काळजी," मी म्हणालो. "राहू दे असंच."

"भ्यालो व्हतो जरा," तो हसला. "पन बिननावाचं पत्रक घेऊन पोरं सापडली, तर पोलीस त्यायलाच कुटतील की. बारीक अक्षराला लय ऊन लागतं गड्या. त्येच्या बुडाला पाय फुटले, मंग न्हाई वाहत."

नवी पट्टी उन्हात ठेवली, तशा शांतावहिनी वर आल्या. "घरादाराचं वाटोळं करायलाव का तुमी?"

"माझंच नाव टाकायलोय. चोरी न्हाई करत."

दोरीवरच्या लुगड्याची सावली चौकटीवर सरकत होती... वहिनींनी लुगडं ओढून काढलं आणि खाली गेल्या.

पत्रक निघालं. सोसायट्यांचे शिक्के बंद झाले, भावकीतून लग्नाचं बोलावणंही येईना. समतेच्या गोष्टी सभेत पुष्कळ जण करतात. त्यानं स्वतःचं नाव दिलं, पुढच्या प्रत्येक पत्रकाखाली दिलं. नामांतर झाल्याचं त्यानं खाटेवर पडून ऐकलं.

परवा त्याच्या शोकसभेचं पत्रक छापून घ्यायला दुकानात गेलो. वहिनी गच्चीवर चौकटीची काच पुसत होत्या.

"वहिनी, मुद्रक कोण लिहू?"

"त्येंचंच लिवा, भाऊजी. दुकान त्येंच्याच नावावर हाय." काच उन्हाकडं धरून त्यांनी एक डाग पुन्हा पुसला. "आन् चांगलं ठसठशीत लिवा."